एका डब्यात दोघं

सर वारल्याचं मला नेवासा फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं. तेही दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडंच बघत. "ते कॉम्प्युटरवाले व्हय? ते गेले की. भाऊ आला हुता नगरहून न्यायला. नेलं अन् दोन महिन्यात संपले." सरांची पत्र्याची खोली समोरच होती. तिथं आता चिकनचं दुकान आहे. दारात पिंजरे लावलेले.

मी रडलो नाही. बायको गेली तेव्हा रडायचं ते रडून झालं, माझ्यात आता त्यातलं काही शिल्लक नाही. सर माझे सोयरे नव्हते, गाववाले नव्हते. पण हौसाचं नाव लिहायला मला त्यांनीच लावलं होतं. चौथीपर्यंत शाळेत गेलो मी, अक्षर येतं. पण बायकोचं नाव लिहायची वेळ कधी आली नव्हती. जिती होती तेव्हा 'अगं ए' म्हटलं की भागायचं.

मी ऊस तोडणारा माणूस, पाथर्डीकडचा. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं अन् उन्हाळा लागला की परत. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. त्या साली आमची एकोणीस कोयत्यांची टोळी सरांच्या खोलीमागच्या पडीक रानात उतरली होती. एका कोयत्याला एक कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. एकोणीस कोयते, एकोणीस कोप्या.

सर पन्नाशीचे असतील. उंच, वाळके, मान पुढं आलेली. लग्न केलेलं नाही. आधी नगरला कुठल्याशा शाळेत शिकवत होते. तिथून का निघाले ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सगळ्यांना अहो म्हणायचे. मला अहो, मुकादमाला अहो, दारात झोपणाऱ्या कुत्रीलाही अहो. "अहो बाई, जरा सरका, खुर्ची ठेवायची आहे." कुत्री सरकायची.

वस्तू जमिनीवर ठेवली की तिच्याभोवती खडूनं चौकोन काढायचे. माठाभोवती चौकोन, चपलांभोवती चौकोन, केरसुणीचा वेगळा. माठ हलवला तर खवळायचे. जेवायचेही तसंच. भाकरी ताटात, भाजी वाटीत, ठेचा बशीत, एकानं दुसऱ्याला शिवायचं नाही. हौसा म्हणायची, "पोटात गेल्यावर काय करतंय वो यांचं अन्न? येगळंयेगळं बसतंय का?"

त्यांच्याकडं कॉम्प्युटरवर इंटरनेटची पानं बनवायला शिकणारी पाच पोरं होती, नंतर दोन राहिली. गावात दुसरा मोठा क्लास निघाला, तिथं सर्टिफिकेट मिळायचं. सर द्यायचे नाहीत. म्हणायचे, "पान उघडतंय ना? मग कागद कशाला?" पोरांच्या बापांना कागद पाहिजे होता. गेली पोरं तिकडं. सरांना त्याचं काही वाटलं असं दिसायचं नाही. रिकाम्या बाकड्यांसमोर उभे राहून तेवढ्याच मोठ्यानं शिकवायचे. मी पाणी प्यायला जायचो तेव्हा ऐकू यायचं.

आमचं पान निघालं ते असं. टोळीतल्या एकाची आई गावाकडं सिरियस झाली. त्याचा भाऊ गाडीवर निघाला, पण आम्ही त्या दिवशी कुठल्या शिवारात आहोत ते कुणाला ठाऊक? आज एका गावाला तोड, उद्या दुसऱ्या. फोन लागेना. तो बिचारा दोन दिवस रस्त्यानं टोळ्या विचारत फिरला अन् सरांच्या दारात येऊन बसला. आई तोवर गेली होती. सरांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी कोप्यांकडं आले, हातात वही. "अहो, तुमची सगळ्यांची नावं सांगा. जोडीजोडीनं सांगा."

आठ दिवसांत त्यांनी टोळीचं पान केलं. मोबाईलवर उघडलं की वर लिहिलेलं, आज कुठल्या गावच्या रानात तोड आहे. ते मुकादम रोज सकाळी सरांना सांगायचा. खाली एकोणीस चौकोन, प्रत्येकात एका कोयत्याची दोन नावं. गावाकडची माणसं ते बघायला लागली. म्हातारी माणसं शेजारच्याकडून वाचून घ्यायची. नाव दिसलं की माणूस ठीक आहे.

पान दाखवायला सरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. त्या चौकोनांना ते डिव्ह म्हणत, आम्हाला कळावं म्हणून डबा म्हणत. मुकादम म्हणाला, "सर, नावं लिहा सरळ एकाखाली एक. डबं कशाला?"

सर म्हणाले, "ऊस तोडून सरीत सोडून देता का? मोळी का बांधता?"

"उचलायची कशी मग?"

"तेच. नुसता डबा दिसत नाही. त्याला रंग नाही, काठ नाही. पण त्यात घातलेलं एकदम उचलता येतं, एकदम सजवता येतं." मग त्यांनी एका जागी दोन अक्षरं बदलली अन् एकोणीसचे एकोणीस डबे पिवळे झाले.

हौसा खुदकन हसली. "आगं बया! एकाला हळद लावली अन् सगळ्या वऱ्हाडाला लागली."

सर हसत नसत. त्या दिवशी हसले. पण हौसाचं समाधान नव्हतं. ती पडद्याजवळ गेली अन् बोट ठेवून म्हणाली, "हे वर कुणाचं नाव?"

"तात्यांचं." सर मला तात्या म्हणायचे.

"अन् खाली माझं?"

"हो. डब्यात ठेवलेलं आपोआप एकाखाली एक पडतं."

"मग उचला की. मी काय ह्यांच्या हाताखाली कामाला हाय? मोळी मी वाहते, ट्रॉली मी भरते. माझं नाव बाजूला घ्या."

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला राग आला. मी म्हणालो, "चल घरी, शहाणी." सरांनी मात्र खुर्ची पुढं ओढली. दुपारभर बसले. तिन्हीसांजेला स्वतः कोपीपाशी येऊन मोबाईल धरला तिच्यासमोर. सगळ्या जोड्या शेजारी शेजारी. अर्ध्यात नवरा, अर्ध्यात बायको. हौसा म्हणाली, "आता बसलं बघा नीट." तिला वाचता येत नव्हतं. दोन ठिपके सारखे आहेत एवढं तिला दिसलं.

सरांची एक रीत मला आवडायची. पानात काही बिघडलं, कुणाचं नाव कुठं सरकलं, तर ते सगळ्या डब्यांना लाल काठ लावायचे. "कोण कुठं बसलंय ते आधी दिसू द्या. मग दुरुस्ती." लाल काठ लावला की न दिसणारे डबेही दिसायचे, डब्यात डबा, त्यात डबा. बिघाड सापडला की काठ काढून टाकायचे.

हौसा जानेवारीत गेली. सकाळची वेळ, दव पडलेलं. ट्रॉलीला लावलेली फळी ओली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती म्हणाली, "अवो, मोळी मोठी बांधलीय, पाय सटकतोय." मी म्हणालो, "उचल गुमान, ट्रॅक्टर थांबलाय." हेच शेवटचं बोललो मी तिला. ती मोळीसकट फळीवरून उलटी खाली पडली. दवाखान्यात दीड दिवस होती, पण शुद्धीवर आली नाही. ती मोळी मी बांधली होती. हे मी कुणाकुणाला सांगितलं. सगळे म्हणतात, तात्या, नशीब. नशिबानं नाही बांधली मोळी.

तेरावा करून मी परत टोळीवर आलो. घरी कोण होतं? पोरगा चाकणला कंपनीत, तो तेराव्याचं जेवून गेला. टोळीत आलो तर मुकादमानं मोबाईल दाखवला, "तात्या, सरांना सांगून हौसाबाईचं नाव काढलं बरं का. लोकं फोन करत्यात, बाई तर गेली मग नाव कसं?"

मी बघितलं. हौसाचं नाव नव्हतं, आणि माझं नाव या काठापासून त्या काठापर्यंत पसरलं होतं. पिवळा डबा सगळा माझा.

कोयता तसाच हातात घेऊन मी सरांकडं गेलो. "सर, माझं नाव एवढं मोठं कुणी केलं?"

सर शिकवत होते, दोन पोरांना. थांबले. "मी नाही केलं. एक काढला की उरलेला मोकळी जागा घेतो. आपोआप."

"मला नको ती जागा."

"बसा."

"बसायला न्हाई आलो. तिची जागा मला दिलीच कशी तुमी? इचारलं का मला?"

पोरं घाबरून उठली. सरांनी त्यांना जायला सांगितलं. मला वाटलं आता दोन शब्द बोलतील, देव, आत्मा, असलं. तसलं काही नाही. त्यांनी पान उघडलं अन् हौसाच्या जागी एक रिकामा डबा घातला. माझं नाव जागचं हललं नाही.

"घातला न्हाई का?"

"घातलाय. आत काही नसलं की डबा उभा राहत नाही तात्या. त्याची रुंदी शून्य. आहे, पण दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हंजी न्हाईच की."

सरांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग त्यांनी रिकाम्या डब्याला स्वतः रुंदी दिली, बरोबर निम्मी. माझं नाव मागं सरकलं. उजवी बाजू मोकळी राहिली, पिवळी, कुणी नसलेली. मला वाटलं होतं त्यानं बरं वाटेल. जास्त वाईट वाटलं. मी म्हणालो, "नाव टाका तिचं."

"पानावर खोटं लिहायचं नाही, हा माझा नियम आहे."

"मग मोडा."

सर उठले आणि मला खुर्चीवर बसवलं. "मी मोडतो. पण लिहिणार तुम्ही."

तीन दुपारी गेल्या. माझी बोटं कोयत्याची, एकदा दाबलं तर चार अक्षरं उमटायची. कोणतं बटण दाबलं की काय उमटतं ते सरांनी कागदावर काढून दिलं. मध्ये मध्ये ओरडायचे, "अहो तात्या, हळू, ते लाकूड नाही!" तिसऱ्या दिवशी हौसा उमटली. मी बघत बसलो. सर उठून बाहेर गेले अन् कुत्रीशी बोलत राहिले.

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं.

मी अर्धा कोयता. टोळीत मंदा नावाची बाई होती, शेवगावकडची, विधवा, दिराबरोबर आलेली. दीर मधेच पळाला, तिचा मोबाईलपण घेऊन गेला, नंबर सगळे त्यातच. तीही अर्धी. मुकादमानं सांगितलं, "तात्या, मंदाला घे बरोबर. दोघांचा एक कोयता करू." हे आमच्यात होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तू तोड, ती मोळी वाहील. मला मात्र सहन होईना. मंदा कामाला वाघीण. ती फळीवर चढायची तेव्हा मी पाठ फिरवायचो. तिच्याशी चार-चार दिवस बोललो नाही. पाणी पाहिजे असलं तर घागरीकडं बोट करायचो. ती घागर आणून ठेवायची अन् परत जायची. नालायकासारखा वागलो.

एक दिवस तीच बोलली. "तात्या, पानावर माझं नाव न्हाई."

"दिराच्या डब्यात हुतं की."

"तो डबा गेला. मी आता तुमच्या कोयत्यात. माझी म्हातारी आई रोज शेजारणीला बघाया लावती. माझा नवरा असाच तोडीवर मेला, तिला आठ दिसांनी कळलं. नाव न्हाई दिसलं तर ती काय समजंल?"

मी म्हणालो, "माझ्या डब्यात जागा न्हाई."

ती मोळी उचलून गेली. भांडली असती तर बरं.

मी सरांकडं जाऊन म्हटलं, मंदाला वेगळा डबा द्या. सर म्हणाले, नाही. "जोडीनं काम करणारे एका डब्यात. हे पान असंच बांधलंय. ती एकटी काम करते का? नाही. मग एकटी कशी दाखवू?"

"मग तिसरी घाला आमच्यात."

"कोयता म्हणजे दोन. आणि तिघं काम करता का तुम्ही? एक खोटं केलंय तात्या, तुमच्यासाठी. दुसरं करणार नाही."

"तुमी माणूस हायेत का दगड?"

"मला नाही माहीत," सर म्हणाले. खरंच विचार करून म्हणाले. असा माणूस. मी त्यांना आईवरून शिवी दिली. ते म्हणाले, "अहो, बसा."

मी बसलो नाही. हौसाचं नाव काढायला हात उचलेना, म्हणून मी नुसता दिवस ढकलत राहिलो. पाच दिवस, सहा दिवस.

आठव्या दिवशी दुपारी रानात एक म्हातारी आली. अनवाणी, पायाला भेगा, पिशवीत चपला. बांधावरून प्रत्येक बाईचं तोंड बघत येत होती. मंदा मोळी घेऊन फळीकडं निघाली होती. म्हातारीनं तिला बघितलं अन् होती तिथं खाली बसली, सरीत, चिखलात. मंदानं मोळी टाकली. म्हातारी तिचं तोंड, हात, दंड चाचपत होती. "नाव न्हाई गं... पानावर नाव न्हाई... मला वाटलं तूबी..."

सगळी तोड थांबली. कुणीतरी म्हातारीला हौसाच्या नावाचं सांगून माझ्याकडं बोट दाखवलं असणार. ती उठून माझ्यापुढं आली. मी कोयता खाली ठेवला. म्हटलं आता शिव्या देईल.

ती म्हणाली, "दादा, तुमच्या मालकिणीचं नाव काढू नका हां. गेलेल्या माणसाचं नाव कशाला पुसायचं? पर माझी जिती हाय वो."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेलो. सर मागं भांडी घासत होते. मी पान उघडलं. आता मला जमत होतं. दोन डबे, एकात मी, एकात हौसा. मी माझं नाव पुसलं. एकेक अक्षर. तिथं मंदाचं नाव लिहिलं. म-ला काना द्यायचा नाही हे दोनदा चुकलो. मग बरोबर झालं.

सर हात पुसत आले. पडद्याकडं बघितलं. मग सवयीनं सगळ्या डब्यांना लाल काठ लावला, जणू काही बिघडलंय अन् सापडेल. एकोणीस डबे होते ते अठरा झालेले, अठरात दोन-दोन नावं. कुठं बिघाड नव्हता.

"अहो तात्या, तुम्ही कुठे आहात?"

"हितंच की."

"पानावर."

"मला कोण बघतंय सर? पोराकडं पानाचा पत्तापण न्हाई. जिला मी कुठं हाय त्याची काळजी हुती तिच्या शेजारीच तर बसलो हुतो."

"हे तर पूर्ण खोटं झालं. या दोघींनी कधी एकत्र ऊस तोडला नाही."

"मग काढा."

सरांनी काठ काढला. नावं तशीच ठेवली. त्या दिवशी ते रिकाम्या बाकड्यांना शिकवायला उभे राहिले नाहीत. खुर्चीत बसून राहिले.

पुढं सीझन संपेपर्यंत मी पानावर नव्हतो. कुणाचा फोन आला नाही. कुणी विचारलं नाही, तात्या कुठाय. मी मुद्दाम मुकादमाला दोन-तीनदा विचारून बघितलं, कुणी चौकशी केली का. म्हणाला, कशाची? मला वाटलं होतं निदान पोरगा कुणाच्यातरी मोबाईलवर बघेल. नाही बघितलं.

परतीच्या दिवशी सकाळी दोन ट्रॅक्टर लागले. कोप्या मोडल्या, पाचट पेटवून दिलं. भांडी, शेरडं, सगळं ट्रॉलीत चढलं. सर निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आले होते, बुशशर्टाची वरची गुंडी लावून. कुणी मागं राहू नये म्हणून मुकादम ट्रॉलीपुढं उभा राहून मोबाईलवरचं पान वाचायला लागला. तो घाईत होता. डबा आला की दोन नावं, दोन नावं. ज्याचं नाव तो 'हाय' म्हणायचा.

"मंदा."

"हाय."

"हौसा."

वाचून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मान वर केली. बायकांनी पदर तोंडाला लावला. मंदा माझ्याकडं बघत होती. सरांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते ते मला माहीत होतं. हे खोटं आहे म्हणणार होते, माझं नाव सांगणार होते. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली, नको. त्यांनी तोंड मिटलं.

मी म्हणालो, "हाय."

मुकादमानं खाली बघितलं अन् पुढचा डबा वाचला. माझं नाव त्यात कुठं नव्हतं, ते आलं नाही. अठरा डबे संपले, सगळी माणसं भरली, अन् ट्रॅक्टर निघाला. सर रस्त्याच्या कडेला हात वर करून उभे होते, हलवत नव्हते.